घड्याळ किती पुढे होतं

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कधीच बरोबर नसायचं. ते बिघडलेलं नव्हतं, मुद्दाम पुढे ठेवलेलं होतं. मुंबईतून भाईंदरला राहायला आलेल्या बऱ्याच मराठी घरांत त्या काळी असं एक घड्याळ असे. नवऱ्याची गाडी चुकू नये म्हणून घरातली बाई ते दहाएक मिनिटं पुढे करून ठेवायची. आम्ही गिरगावातली एक खोली सोडून भाईंदरात गोडदेवला आलो तेव्हा गॅलरीतून मिठागरं दिसायची आणि स्टेशनपर्यंत पायीच जावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात माझी गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ पुढे होतं.

मी मुकाट ऐकणाऱ्यांतला नाही. दहा मिनिटं पुढे आहे हे कळल्यावर मी मनातल्या मनात दहा वजा करायला लागलो आणि पूर्वीइतकाच निवांत दाढी करत बसायला लागलो. बायकोच्या ते लक्षात आलं. तिने न सांगता दहाची पंधरा केली. मला पत्ता लागला तसा मी पंधरा वजा करू लागलो. मग एका सकाळी तिने घड्याळ चक्क बरोबर वेळेवर आणून ठेवलं. मी सवयीने पंधरा वजा केली, दुसरा चहा मागितला आणि ऑफिसात लेटमार्क खाल्ला. संध्याकाळी घरी आलो तर ती भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आता कळलं? वजाबाकी करायची नाही. ते सांगतं तेवढं ऐकायचं."

त्यानंतर मी वजाबाकी सोडली. ती मधूनमधून स्टुलावर चढून काटे हलवायची. पुढे की मागे, आणि किती, हे कुणालाही सांगायची नाही. मुलगा परीक्षेच्या दिवसांत तिच्या विनवण्या करायचा, तरी नाही. घरात किती वाजलेत हे आम्हा सगळ्यांना माहीत असायचं. खरे किती वाजलेत हे फक्त तिला.

मी निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, "आता तरी ते सरळ कर. आता कुठली गाडी गाठायची आहे?"

"उशीर कशालाही होतो," ती म्हणाली.

ते तिचं नेहमीचं खोचक उत्तर होतं आणि तेवढंच होतं. माणूस गेलं की त्याच्या साध्या बोलण्याला मोठमोठे अर्थ चिकटवत बसायचं, हा उद्योग मी शक्यतो करत नाही.

ती गेली ती घरीच, दुपारी, आजारपण बरंच लांबल्यावर. मुलगा बेंगळुरूहून निघाला होता, जवळ मी एकटाच होतो. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "किती वाजता?" मी म्हणालो, "बारा पन्नास." त्यांनी लिहून घेतलं. संध्याकाळी गुरुजींनी तेच विचारलं, मी तेच सांगितलं. त्यांनी पंचांग उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बारा चाळीसला दशमी संपली. म्हणजे एकादशी लागल्यावर गेल्या. भाग्यवान हो."

हे वाक्य अर्ध्या तासात बिल्डिंगभर झालं. सवाष्ण गेली, त्यात एकादशीला गेली, म्हणजे स्वर्गाची दारं सताड उघडी. समोरच्या गुजराती भाभी डोळे पुसत मला म्हणाल्या, "अंकल, ग्यारस का दिन तो नसीबवाले को मिलता है." पण त्या वाक्याचा खरा परिणाम झाला तो ताईंवर. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे धाकटीला त्यांनीच वाढवलं होतं, लग्नही त्यांनीच लावून दिलं होतं. ठाण्याहून आल्यापासून त्या भिंतीला डोकं टेकून एकसारख्या रडत होत्या. एकादशीचं कानावर आलं आणि त्यांचं रडं थांबलं. "माझ्या पोरीला एकादशी मिळाली," एवढंच त्या स्वतःशी म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसून उठल्या.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण एका म्हातारीचं रडं थांबलं, तर पंचांगाशी भांडणारा मी कोण?

गंमत अशी की माझ्या बायकोने जन्मात एकही एकादशी धरली नव्हती. साबुदाण्याने तिला ॲसिडिटी व्हायची. "ओला थर्माकोल आहे तो," ती म्हणायची. आणि आता दरवर्षी तिचं श्राद्ध एकादशीला येतं. त्या दिवशी घरात धान्याचा स्वयंपाक नाही, असा ताईंचा दंडक. म्हणजे वडे नाहीत, खीर नाही. तिच्या फोटोपुढे साबुदाण्याची खिचडी. फोटोतली ती माझ्याकडे बघत असते आणि मी दुसरीकडे बघतो.

अशी काही वर्षं गेली. आमच्याकडे देवळाच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांचा एक वाचनकट्टा भरतो. यंदा त्यांनी मला एका जाडजूड कादंबरीवर बोलायला सांगितलं. ती तात्त्विक म्हणतात त्या जातीची कादंबरी आहे. तिच्यात घडत काहीच नाही. एक माणूस खाडीच्या काठावर, धर्मशाळेच्या ओट्यावर, पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट बघत बसतो. होडी येत नाही आणि दुपार संपत नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारतो, प्रत्येकजण वेगळी सांगतो. आधी त्याला वाटतं, सगळे खोटं बोलताहेत. मग हळूहळू त्याला भीती वाटायला लागते की सगळे खरं बोलताहेत. पुस्तकभर एवढंच. कट्ट्याच्या सेक्रेटरींनी विषयही नेमून दिला होता, 'कादंबरीतील काळ आणि अस्तित्वाचं भय'. हे गृहस्थ विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळं मथळ्याखाली लागतं.

बायको गेल्यापासून दुपारी घरी थांबणं मी सोडलं होतं. बारा वाजायच्या आत जेवून बाहेर पडायचो. भाजीबाजार, वाचनालय, बँकेत पासबुक भरून घेणं, काहीच नसलं तर स्टीलच्या गाळ्यांच्या रस्त्याने उगाच एक फेरी. लोकांना सांगायचो, जेवणानंतर चाललेलं बरं. खरं म्हणजे त्या वेळी मला घराची भीती वाटायची. तिसऱ्या प्रहरानंतर परत यायचो तेव्हा घर पुन्हा साधं घर झालेलं असायचं. पण यंदा वाचनालयात रंगकाम निघालं आणि त्या कादंबरीचं ओझं घेऊन बाजारात फिरता येईना. म्हणून मी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दुपारचा एकटा घरी बसलो, पलंगाजवळच्या खुर्चीत, पुस्तक मांडीवर घेऊन.

आमच्या मागच्या गल्लीत शाळा आहे. दुपारची पाळी भरते तेव्हा लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत होतं. तशी ती आमच्या घरातली रोजची गंमत होती. मी सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस, राष्ट्रगीत कानावर पडलं की बसल्या जागी अवघडतो. बायको ते बघून म्हणायची, "उठा, उठा. पेन्शन बंद होईल." आणि मी खरंच उठायचो, हातात वरणाची वाटी असली तरी.

त्या दुपारी राष्ट्रगीत सुरू झालं. मी उठलो. पलंगाकडे पाठ आणि समोर घड्याळाची भिंत, अशी माझी उभं राहायची जागा ठरलेली. घड्याळात साडेबारा वाजले होते.

आणि मला ती दुपार आठवली. म्हणजे मी ती विसरलो नव्हतोच, पण तिचे दोन तुकडे मी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवले होते. एक तुकडा असा, की शेवटच्या दुपारी राष्ट्रगीत लागलं तेव्हा मी तिचा हात धरून बसलो होतो. तिला बोलता येत नव्हतं. पण तिने दुसऱ्या हाताचं बोट जरासं वर केलं. उठा. मला हसू आलं आणि मी उठलो. गीत संपलं, मी वळलो, तेव्हा ते बोट तसंच चादरीवर होतं आणि ती नव्हती. दुसरा तुकडा असा, की उभा असताना माझ्या डोळ्यांसमोर घड्याळ होतं आणि त्यात बारा पन्नास झाले होते. हे दोन्ही मला नीट माहीत होते. फक्त राष्ट्रगीत साडेबाराला होतं, हे त्या दोन तुकड्यांच्या मध्ये कधी आलंच नव्हतं.

घड्याळ आता बरोबर असतं. तिच्या दिवसकार्याच्या वेळी मुलाने सेल बदलून मोबाइलवर वेळ बघून लावलं. कादंबरीत असतं तर लेखकाने ते घड्याळ तिच्याबरोबरच बंद पाडलं असतं. प्रत्यक्षात ते नंतर चांगलं आठवडाभर चाललं आणि मग सेल संपून थांबलं.

मी मुलाला फोन लावला. "तू घड्याळ लावलंस तेव्हा ते किती पुढे होतं?"

"कुठलं घड्याळ?"

"आपलं. आई गेली तेव्हाचं."

"बाबा, ते बंद पडलं होतं ना. बंद घड्याळ किती पुढे होतं हे कसं कळणार?" मग म्हणाला, "तुम्ही जेवलात का?" मुलांना आपलं बोलणं कळेनासं झालं की ती जेवणाची चौकशी करतात.

घड्याळ वीस मिनिटं पुढे असेल, तर ती दशमीला गेली. पण कधीकधी शाळेचं राष्ट्रगीतही उशिरा होतं. माईक बिघडतो, पाऊस असतो, कुणी पाहुणे आलेले असतात. त्या दिवशी ते उशिरा झालं असेल, तर घड्याळ कमी पुढे असेल, आणि मग एकादशीही असू शकेल. काटे किती हलवलेत हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि विचारायचं होतं ते नेमकं त्याच्याचबद्दल.

तुम्ही म्हणाल, दशमी की एकादशी, ज्याचा विश्वास नाही त्याला काय फरक पडतो? मला फरक तिथीचा पडला नाही. त्या दुपारपासून माझ्याकडे एकच पक्की गोष्ट होती, बारा पन्नास. बाकी सगळं, ती काय विचार करत असेल, तिला दुखत होतं का, मी आणखी काही करायला हवं होतं का, हे सगळं हलतं होतं. तेवढा एक खिळा भिंतीत घट्ट होता आणि त्यावर मी सगळं टांगलं होतं. तो हातात आला. आणि त्याच्यामागून जे आलं ते फार वाईट होतं. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे ती बारा पन्नासपर्यंत जिवंत आहे. म्हणजे मी वळून तिच्याजवळ बसलो, तिचा हात पुन्हा हातात घेतला, ती सगळी मिनिटं कागदावर ती आहे. आणि मी तर तिथेच होतो, ती नव्हती. मग त्या मिनिटांत तिथे कोण होतं? मी पंखा मोठा केला आणि तरी घाम येतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि बसने घोडबंदरला गेलो. म्हटलं, खाडीच्या काठावर बसून वाचावं, निदान भाषणात सांगायला बरं. किल्ल्याच्या खालच्या अंगाला पाणी दिसेल अशी एक जागा धरून बसलो. पान उलटलं जाईना. पाणी चढत होतं, हायवेचे ट्रक लांबून घरघरत होते आणि मी त्या कादंबरीतल्या माणसासारखा नुसता बसून होतो. त्याची होडी तरी यायची होती. माझं काय यायचं होतं?

सुक्या बोंबलांची टोपली घेऊन एक गावातली म्हातारी चालली होती. थांबली. "कोनाची वाट बगतंस रं बाबा?"

"कुणाची नाही, मावशी. बसलोय."

"घरा कोन हाय का न्हाय?"

"नाही कोणी."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. एकटा म्हातारा, खाडीचं पाणी, भरती. तिच्या मनात काय आलं ते माझ्या लक्षात आलं. "चल मंग, बस येल आता," ती म्हणाली आणि मी उठेपर्यंत हलली नाही. स्टॉपवर येऊन मला बसमध्ये चढवूनच गेली. मी काही तसल्या विचाराने गेलो नव्हतो. पण बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं, ते कुणीतरी घरी जा म्हटलं म्हणून.

कट्ट्यावर भाषण झालं. मी मथळ्याप्रमाणे टिपणं काढून नेली होती, ती वाचली. शेवटी एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "पण त्या माणसाला भीती नक्की कशाची वाटते? मरणाची?" सेक्रेटरी म्हणाले, "उघड आहे. होडी म्हणजे मृत्यू." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणालो, "नाही. त्याला मरणाची भीती वाटत नाही. त्याला भीती वाटते की किती वाजले हे आता कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही."

"म्हणजे घड्याळ नाही म्हणून?"

"घड्याळं सगळ्यांकडे आहेत," मी म्हणालो. सेक्रेटरींनी आभार मानले आणि चहा आला.

घरी येऊन मी स्टूल घेतलं, घड्याळ उतरवलं आणि ते पुढे केलं. डोळे मिटून मागची चावी फिरवली, आकडा कळू नये म्हणून. पण डोळे उघडल्यावर मनगट बघावं तसा मोबाइल बघितलाच, आणि कळलं, सतरा मिनिटं. संध्याकाळी पुन्हा फिरवलं, मोबाइल आतल्या खोलीत ठेवून. तरी बातम्या लागल्या आणि कळलंच. पुढचे दोन दिवस मी घड्याळात बघायचो आणि आपोआप वजाबाकी व्हायची. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करून हसू येत नाही, तसंच हे. मला वाटायचं, एकटेपण म्हणजे बोलायला कोणी नसणं, जेवायला सोबत नसणं. त्याची मला एव्हाना सवय झाली होती. पण माझ्यापासून लपवून ठेवायची एखादी गोष्ट ज्याच्याकडे आहे, असं माणूसच घरात नसणं, हे मला नव्याने कळलं. मी घड्याळ पुन्हा बरोबर लावलं. बरोबर घड्याळाइतकं ओकं काही नसतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी ताई आल्या. त्या दरवर्षी आदल्या दिवशी येतात, साबुदाणा स्वतः निवडतात, भिजवतात. आता त्यांना ऐंशी झाली आहेत, कंबर वाकली आहे, पण साबुदाणा दुसऱ्या कुणाच्या हातचा चालत नाही. आदला दिवस म्हणजे दशमी. सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सांगावं तर ताईंचा एवढा एक आधार मी काढून घेणार. न सांगावं तर कदाचित खरा दिवस आजच होता आणि तो आम्ही साबुदाणा निवडण्यात घालवत होतो.

साडेबाराला राष्ट्रगीत लागलं. मी उठलो. ताई ताटातला साबुदाणा बाजूला ठेवून हसल्या. "अजून उठताय का, जावईबापू? ती सांगायची मला."

मी तिथेच उभ्याउभ्या त्यांना सगळं सांगितलं. बोट, घड्याळ, शाळा, बारा चाळीस. घड्याळ किती पुढे होतं ते आता कळायला मार्ग नाही, हेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. हातातले साबुदाण्याचे दाणे त्यांनी पुन्हा ताटात सोडले. मला वाटलं, आता रडतील.

"घड्याळ कोण लावायचं?" त्यांनी विचारलं.

"तीच."

"दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची?"

"नाही."

"मग तिच्या घरात एकादशी लागली होती," ताई म्हणाल्या. "पंचांग बाहेरच्यांना."

आवाजात थोडी चीड होती, मी काहीतरी उगाच अवघड करून ठेवलंय अशी. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ तो काढला नाही. मी पाणी आणून दिलं. ते प्यायल्यावर म्हणाल्या, "पण साबुदाणा तिच्या घशाखाली कधी उतरला नाही, हे मलाही माहीत आहे. लहानपणी मांजराला घालायची. आज दशमी आहे ना? उडदाची डाळ आहे का घरात?"

डाळ भिजायला वेळ लागला, म्हणून आम्ही जेवलो ते चार वाजून गेल्यावर. वडे झाले, खीर झाली. पहिलं ताट फोटोपुढे ठेवलं. या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही.

जेवण झाल्यावर मी घड्याळ उतरवून ताईंच्या मांडीवर ठेवलं. "ताई, एक काम करा. मागची चावी फिरवून हे पुढे करा. किती ते मला सांगू नका."

"आता कुठे जायचंय तुम्हाला?"

"कुठेच नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. माझं म्हणणं त्यांना किती कळलं कोण जाणे. म्हणाल्या, "बाहेर जा मग. इथे उभं राहून बघू नका."

मी मोबाइल बंद करून कपाटात टाकला आणि गॅलरीत गेलो. मिठागरं कधीच गेली, आता समोर दुसऱ्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. आतून चावीचा कुरकुर आवाज आला, थांबला, पुन्हा आला. म्हातारी पुढे करत होती की मागे आणत होती, देव जाणे. लहान मूल लपाछपीत तोंड भिंतीकडे करून उभं राहतं तसा मी उभा होतो.

"या," ताईंनी हाक मारली.

दुसऱ्या दिवशी एकादशीचं सगळं यथासांग झालं, खिचडीसकट. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "ताई, आवरा, तुमची बस जाईल."

"जाईल का?" ताई म्हणाल्या. पदराआड तोंड करून हसत होत्या. तो हसायचा प्रकार मी जन्मभर बघितला होता, दुसऱ्या चेहऱ्यावर.

आम्ही स्टॉपवर पोचलो तेव्हा ठाण्याच्या बसचा पत्ता नव्हता. बाकावर बराच वेळ बसून राहावं लागलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बस आली, मी त्यांना खिडकीजवळ बसवलं आणि रिक्षाने परत आलो.

घर रिकामं होतं. वड्यांचा वास अजून रेंगाळत होता. घड्याळात पावणेसहा झाले होते. खरे किती झाले होते हे ठाण्याच्या बसमध्ये बसलेल्या एका ऐंशी वर्षांच्या बाईला माहीत होतं. ती गेली की तो आकडाही जाईल, आणि मग मला असं फसवणारं कुणी उरणार नाही. कपाटातला मोबाइल मी काढला नाही. घड्याळ सांगत होतं तेवढं ऐकलं, उशीर झाला म्हणून घाईघाईने दिवा लावला आणि एका माणसाचा चहा ठेवला.